प्रायोगिक घटक अधिकृत करायचा असेल, तर मालकीचा कागद आधी करा

मराठी शोधासाठी शब्दाचे मूळ रूप काढणारा तुमचा घटक, म्हणजे सॉफ्टवेअरचा छोटा भाग, लोक वापरतात, तरीही तो ज्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात आहे त्या प्रकल्पाने त्याला 'प्रायोगिक' विभागातच ठेवले आहे, असे तुम्ही सांगलीहून लिहिले आहे. गटातील दोघे नोकरी सांभाळून, काही वेळा कार्यालयातूनच, हे काम करतात असेही त्यात आले आहे. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे, कारण साताऱ्यात आमचाही घटक नेमका त्याच कारणाने अडला होता.

चाचण्या आणि दस्तऐवज यांविषयी मी लिहीत नाही. इथवर पोहोचलेल्यांना ते ठाऊक असते. मी वकील नाही, त्यामुळे पुढचे जाणकाराला विचारून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नियोक्ता असतो आणि संगणक प्रोग्रामही त्यात येतात. म्हणूनच अपाचीसारख्या, मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेच्या वैयक्तिक योगदान करारात, नियोक्त्याचा हक्क लागू होत असेल तर त्याची परवानगी घेतली आहे, असे तुम्हाला लिहून द्यावे लागते. प्रायोगिक विभागात याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. अधिकृत करण्याची वेळ आली की हाच प्रश्न पहिला येतो.

आमच्या सहकाऱ्याने तो नोकरी करत असलेल्या संस्थेत या परवानगीसाठी अर्ज केला. तो आधी लेखा विभागात गेला, तिथून 'विक्रीची रक्कम किती' असा शेरा मारून परत आला, मग कायदेशीर सल्ल्यासाठी गेला आणि तिथेच राहिला. विचारायला गेले की 'साहेब दौऱ्यावर आहेत' हे उत्तर ठरलेले. नकार दिला असता तरी आम्ही तो भाग नव्याने लिहून घेतला असता. पण नकारही नाही आणि सहीही नाही, अशा स्थितीत नव्या आवृत्तीत भर स्वीकारण्याची शेवटची तारीख निघून गेली आणि घटक जिथल्या तिथे राहिला. एवढ्या चांगल्या कामाला एका सहीसाठी ताटकळत ठेवणे मला आजही अन्यायाचे वाटते.

त्या कार्यालयाची भीती मालकी हातची जाण्याची होती, आणि ती निराधार होती. अपाचीच्या धर्तीच्या करारात मालकी मूळ धन्याकडेच राहते, प्रकल्पाला फक्त वापराचा परवाना मिळतो. तुमच्या अर्जाचे पहिले वाक्य हेच असू द्या. अर्ज एका पानाचा, मराठीत, घटकाचे नाव, परवान्याचे नाव आणि काम करणाऱ्यांची नावे एवढ्यापुरताच ठेवा. 'सर्व भावी कामासाठी' अशी मोघम परवानगी मागितली की फाइल फिरत राहते. आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

तांत्रिक बाजूने एकच आग्रह धरतो. फंक्शनांची नावे प्रायोगिक असतानाच बदलून घ्या, कारण अधिकृत झाल्यावर प्रत्येक बदल वापरणाऱ्यांना भोवतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत असिंकआयओ हा एकाच वेळी अनेक कामे हाताळणारा भाग २०१४ साली ३.४ आवृत्तीत तात्पुरत्या दर्जाने आले आणि २०१६ च्या ३.६ मध्ये स्थिर ठरले. मधल्या काळाचा उपयोग यासाठीच असतो.

चाचणीत 'साताऱ्याला' हा शब्द अवश्य घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी टंकने एकसारखी करण्याची पद्धत, त्यांना एक करत नाही, आणि शोधणाऱ्याला निम्मे निकाल मिळतच नाहीत. 'कऱ्हाड' आणि 'कराड' एकत्र आणण्याचे काम मात्र या घटकावर टाकू नका. ते समानार्थी शब्दांच्या यादीचे आहे, असे माझे ठाम मत आहे, अर्थात तुमच्या प्रकल्पाची रीत वेगळी असू शकते.

चाचणीची वाक्ये वर्तमानपत्रांतून उचलू नका. विकिपीडियाचा मजकूरही सीसी बाय-एसए, म्हणजे श्रेय देऊन आणि त्याच अटींवर पुढे वाटण्याच्या, परवान्याचा असतो आणि अपाची परवान्याच्या कोडमध्ये तो तसाच मिसळता येत नाही, म्हणून वाक्ये स्वतः लिहा. नोकरी करणाऱ्या दोघांपैकी प्रत्येकाच्या नोकरीच्या करारात बौद्धिक संपदेचे कलम आहे का, ते सही मागण्याआधी वाचून घ्या. तसे कलम असेल तर त्याचा अर्ज वेगळा करावा लागेल.