बुसेफेलॅन्ड्रा विरघळतेय? खतावर जाण्याआधी रोजच्या तांब्याभर पाण्याकडे बघा

तुम्ही फोटोसकट लिहिलंत: ठाण्यातला घोडबंदर रोड, पाणवनस्पतींचा दोन फुटी टँक, पाणी थंड ठेवायला वर लावलेला पंखा, मे महिनाभर झाडं ठीक. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्वच्छता म्हणून निम्मं पाणी बदललं आणि पाच दिवसांत बुसेफेलॅन्ड्रा ह्या सावकाश वाढणाऱ्या पाणवनस्पतीची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळाली, तशाच दुसऱ्या झाडाचा, दोन वर्षांच्या अनुबियासचा, रायझोम (पानं-मुळं जिथून फुटतात ते आडवं खोड) मऊ पडला. दुकानदार म्हणाला खत कमी पडतंय, म्हणून तुम्ही डोस दुप्पट केला. तुमचं हे वर्णन वाचून राहवलं नाही, कारण माझ्या टँकमध्येही अगदी ह्याच क्रमाने झालं होतं. खत आजच थांबवा. महिन्याला एखाददुसरं पान काढणाऱ्या झाडाला मुळात खत फार लागत नाही, आणि आजारी झाड ते घेतच नाही. ते शेवाळाच्या पोटात जातं.

रायझोम वाळूत पुरायचा नाही, प्रकाश सहा तासांच्या वर न्यायचा नाही, नळाच्या पाण्यात क्लोरीन मारणारं अँटीक्लोरीन घालायचं, हे तुम्ही करत असणारच. त्यावर वेळ घालवत नाही.

मुद्दा वेगळा आहे. पंखा लावला की पाणी थंड होतं ते बाष्पीभवनाने. दोन फुटी टँकमधून उन्हाळ्यात दिवसाला साधारण एक लिटर पाणी उडतं, आणि ते भरून काढायला आपण नळाखाली तांब्या धरतो. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. भाईंदरच्या मिठागरात जे होतं तेच आपल्या हॉलमध्ये, सावकाश. आता हिशोब करा. टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी ५० लिटर धरू. मे महिन्यात सोसायटीत टँकर येतात, त्यातलं बरंचसं पाणी बोअरचं. त्याचा टीडीएस (एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये; ह्यालाच पीपीएमही म्हणतात) ४५० धरला तर रोज एक लिटर म्हणजे आठवड्याला ३१५० मिलिग्रॅम क्षार, म्हणजे दर आठवड्याला ६३ पीपीएमची वाढ. पाणी बदललंच नाही तर महिन्यात २७० ची भर. तुम्ही म्हणाल, मी दर रविवारी पाव टँक बदलतो. बदला, पण त्याच पाण्याने बदललंत तर आकडा हळूहळू ७०० च्या आसपास जाऊन थांबतो. नळाचं पाणी ४५० आणि टँक ७००, आणि डोळ्यांना पाणी स्वच्छच दिसतं.

त्या ७०० लाही ही झाडं लगेच मरत नाहीत, इथेच आपण फसतो. ती सवय करून घेतात. मग पाऊस सुरू होतो, टँकर बंद होतात, नळाला महापालिकेचं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी येतं. माझ्या मीटरवर ते बहुतेक वेळा १०० च्या आसपास दिसतं. अशा वेळी निम्मा टँक बदलला की ७०० चा आकडा एका तासात ४०० वर येतो. पेशींच्या आतलं आणि बाहेरचं पाणी इतक्या झटक्यात बदललं की पानं सांभाळता येत नाहीत. बुसेफेलॅन्ड्रा मूळची बोर्निओतल्या ओढ्यांच्या दगडांवरची, वाहत्या पाण्यातली. जुनी पानं टिकवणं हाच तिचा जगण्याचा मार्ग, नवी पटापट काढून नुकसान भरून काढण्याची तिची ताकद नाही. झपाट्याने वाढणारी हायड्रिला असती तर आठवड्यात सावरली असती.

माझं सगळ्यात मोठं नुकसान ह्याच एका चुकीने झालं. त्यात सोसायटीच्या ऑफिसने भर घातली हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोणत्या दिवशी टँकर आला, तो गच्चीवरच्या कोणत्या टाकीत गेला, टाकी ब्लीचिंग पावडरने कधी धुतली, एवढीच माहिती हवी होती. रजिस्टर टेबलावर असतं. पण ‘पाणी ते पाणीच, त्यात काय वेगळं’ ह्यापलीकडे उत्तर नाही. पैसे देऊन आणलेलं पाणी कुठलं हे रहिवाशाला कळायला नको? झाडांचं सोडा, घरात लहान मुलं तेच पितात. तेव्हा कोणावर अवलंबून राहू नका. दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या आणि पाणी बदलण्याआधी दोन आकडे लिहा: टँकचा आणि बादलीतल्या नव्या पाण्याचा. मीटर क्षार किती ते सांगतो, कोणते ते सांगत नाही. म्हणून जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कठीणपणा) आणि केएच (कार्बोनेटचा कठीणपणा) मोजायचं थेंबांचं किट एकदा तरी वापरा. जीएच ४ ते ८, केएच २ ते ५ आणि टीडीएस १२० ते २५० मध्ये ही झाडं निवांत राहतात. पण चांगल्या आकड्यापेक्षा स्थिर आकडा जास्त महत्त्वाचा, हे माझं ठाम मत आहे.

आता तुमच्या टँकचं. आज पुन्हा मोठं पाणी बदलू नका. तिसऱ्या दिवशी फक्त दहा टक्के बदला. टँक ४०० आणि बादली १०० असेल तर एका वेळी ३० ने उतरेल, आणि तेवढंच हवं. झाडं एकेक करून बाहेर काढा, रायझोम दोन बोटांत दाबा. कडक असेल तर एकही पान नसलं तरी ठेवा. मऊ आणि वास मारणारा भाग नव्या ब्लेडने कापा, आतला रंग हिरवा किंवा पांढरट लागेपर्यंत. तपकिरी रेघ राहिली तर सड पुढे सरकते. एका झाडानंतर ब्लेड स्पिरिटने पुसा. टँकमध्ये क्रिप्टोकोरिन ही मातीत रुजणारी वनस्पती असेल तर ती मात्र उपटू नका. तिची पानं वितळली तरी मुळं जिवंत असतात, तिथेच परत फुटते. उरलेले तुकडे फिल्टरच्या प्रवाहाच्या वाटेवर ठेवा, कोपऱ्यात नको.

उडालेलं पाणी भरायला घरच्या आरओचं पाणी वापरा, फक्त तेवढ्यापुरतं. त्याचाही टीडीएस मोजा, कारण बऱ्याच मशीनमध्ये कच्चं पाणी मिसळायचा कॉक असतो आणि ‘आरओ’ म्हणून १५० चं पाणी हातात येतं. अख्खा टँक आरओवर चालवू नका, कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी पडून नवी पानं वाकडी येतात. आरओचं वाया जाणारं पाणी तर अजिबात नको, त्यात क्षार नळापेक्षा जास्त. एसीच्या नळीचं पाणी फुकट मिळतं म्हणून काही जण घालतात. ते तांब्याच्या कॉइलवरून, साचलेल्या घाणीतून येतं. कोळंबी असेल तर हा धोका घेऊ नका.

तापमानाचंही बघा. २५ अंशाला पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशाला ७.३. रायझोमची सड गरम आणि थांबलेल्या पाण्यात सुरू होते. पंखा दोन-तीन अंश उतरवतो, पण हवा कोरडी असेल तरच. मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला आपल्याकडे हवेत इतका दमटपणा असतो की तो जवळजवळ निकामी ठरतो. तेव्हा टँकवरचं झाकण काढा, लाइट पाच तासांवर आणा, आणि तोही संध्याकाळी. दुपारी नळाला येणारं पाणी गच्चीवरच्या टाकीत तापलेलं असतं. ते कधीच घालू नका. पहाटे भरून ठेवलेली बादली वापरा. ठाण्यात पाणीपुरवठ्याचा शटडाऊन असेल तर दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाणीही टाळा, गाळ येतो. नवी मुंबईकरांना मोरबे धरणाचं पाणी मिळतं, त्यांना टँकरचा त्रास कमी, पण पंख्याचं गणित त्यांनाही लागू आहे.

दगडावर चिकटवताना फेविक्विकचा एक थेंब मुळांवर पुरतो, रायझोमवर पसरवू नका. लिक्विड कार्बन नावाचं बाटलीतलं औषध मला स्वतःला ह्या झाडांसाठी नको वाटतं. कोणाकडे चालत असेलही, पण तुमचा टँक सध्या औषधं सहन करण्याच्या अवस्थेत नाही.

मी पाहतो ते छंद म्हणून, प्रयोगशाळेतलं ज्ञान माझ्याकडे नाही. फोटोत नसलेलं काही कारणही असू शकतं. पण एक गोष्ट फोटोत आहे: तळाला पांढरे खडे दिसताहेत. ते मार्बल चिप्स असतील तर आकडा कधीच स्थिर राहणार नाही, ते सतत विरघळतात. दोन खडे बाहेर काढून कोरडे करा, वर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फेस आला तर सगळे खडे काढायचे, पण एका दिवसात नाही. दर आठवड्याला पाव भाग काढा, आणि प्रत्येक वेळी आधी-नंतरचा टीडीएस लिहून ठेवा.