उन्हाळ्याच्या मुलखात उष्णता कशाला परत मिळवायची?

नमस्कार,

तुमची लेक नांदेडला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मोठ्या इमारतींतून बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता परत मिळवायची, या विषयात तिला पुढे जायचंय. तुम्ही परभणीहून विचारता, "मे महिन्यात जीव नकोसा होतो, इथे उष्णता परत मिळवून करायचं काय?"

शंका रास्त आहे. पण आपल्याकडे तेच यंत्र थंडावा परत मिळवतं. हिशेब बघा: बाहेर ४२ अंश, आत २५. हॉस्पिटलात, औषध कारखान्यात ताजी हवा सतत आत घ्यावीच लागते आणि वीज खर्चून गार केलेली हवा बाहेर सोडावी लागते. या दोन वाटांमध्ये एक चाक हळूहळू फिरत असतं. जाणारी हवा त्याला गार करते, मग ते येणाऱ्या हवेला गार करतं. कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर ४२ अंशांची हवा सव्वाएकोणतीसवर येते. तेवढा चिलरवरचा, म्हणजे हवा गार करण्यासाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्रावरचा, भार उतरला. मात्र चाकातून थोडी जुनी हवा परत येते. म्हणून संसर्गाच्या रुग्णांच्या खोल्यांसाठी चाक नको. तिथे दोन्ही वाटांत एकेक कॉइल, म्हणजे नळ्यांचं वेटोळं, आणि त्यांच्यामधे फिरतं पाणी; हवा हवेत मिसळत नाही.

संभाजीनगरच्या एका इमारतीत मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. चाकाचा पट्टा घसरलेला, चाक बंद, वर बोट उमटेल एवढी धूळ. खोल्या गार होत्या, म्हणून कुणाची तक्रारच नव्हती; चिलर जास्त वीज खाऊन भर काढत होता. चाकाच्या पुढे-मागे थर्मामीटर धरला, तेव्हा कळलं. असं मोजून बघणारी माणसं फार कमी आहेत, आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. नुसत्या या विषयाची जागा सुरुवातीला मिळणार नाही. संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याचे कारखाने किंवा पुण्यातले एचव्हीएसी (इमारतींतली हवा गरम-गार करणं आणि खेळती ठेवणं) सल्लागार यांच्याकडे डिझाइन, नाहीतर देखभालीतून शिरावं लागेल. तीन वर्षांच्या अनुभवानंतर ऊर्जा लेखापरीक्षकाची, म्हणजे वीज-इंधन कुठे वाया जातं ते तपासणाऱ्याची, राष्ट्रीय परीक्षा देता येते, ती तिने नक्की द्यावी. तोवर सायक्रोमेट्रिक चार्ट, म्हणजे हवेचं तापमान आणि ओलावा दाखवणारा आलेख, पाठ असल्यासारखा वाचता आला पाहिजे.

या सुट्टीत परवानगी काढून तिला परभणीतल्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलचं एसी प्लँट बघू द्या. तुम्हीही जा. हवा बाहेर फेकणाऱ्या जाळीसमोर भर दुपारी हात धरा आणि ती किती गार लागते ते बघा.