आधी काय घेऊ, आधी काय बघू : मोकळ्या हवेतल्या छंदांची प्रश्नोत्तरे

या वेळी आलेल्या प्रश्नांत 'काय विकत घेऊ' हा सूर जास्त आहे. काहींना 'सध्या काहीच नको' असं उत्तर द्यावं लागलंय, त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीला ग्रह बघायचे आहेत. ६० मिलिमीटरची एक दुर्बीण पाहिली आहे. खोक्यावर '५२५ पट मोठे दिसते' असं लिहिलंय. घेऊ का?

तो आकडा वाचलात तिथेच खोकं खाली ठेवा. नेत्रिका (डोळा लावतो ते भिंग) बदलत गेलं की प्रतिमा हवी तितकी मोठी करता येते, त्यात कसलीच करामत नाही. पण ६० मिलिमीटरच्या भिंगातून आत येणारा प्रकाश तेवढाच राहतो. ठोकताळा असा, की भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर त्याच्या दुप्पट पटींपर्यंत चित्र टिकतं. म्हणजे इथे १२० पट, आणि तेही हवा शांत असेल त्या रात्री. त्यापुढे शनी मोठा होत जातो आणि पुसटही होत जातो.

त्याहून मोठं दुखणं तिपाईचं. माझी पहिली दुर्बीण याच जातीची होती. फोकसच्या चाकाला बोट लागलं की गुरू थरथरायला लागायचा. ती थरथर थांबून आता नीट बघू म्हणावं, तर तो सरकत सरकत कडेला गेलेला. चूक माझी नाही, तिपाईची आहे हे कळायला फार दिवस गेले, तोवर दुर्बीण माळ्यावर गेली होती.

मुलीला १०x५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर; १० पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ५० मिलिमीटरची) द्या आणि ती टेकवायला कठडा किंवा खुर्चीची पाठ शोधा. गॅलिलिओने १६१० साली साधारण २० पटींच्या दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र टिपले. हात स्थिर असेल तर ते १० पटींतही दिसतात, गुरूच्या दोन बाजूंना ओळीने बसलेले बारीक ठिपके. आज ते कागदावर काढायला सांगा, उद्या पुन्हा. जागा बदललेल्या दिसल्या की पुढचं तीच विचारेल. कृत्तिकांमध्ये नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे मोजता येतात, द्विनेत्रीत ते डझनांनी वाढतात. शनीची कडी मात्र दिसणार नाहीत, त्यासाठी निदान २५-३० पटी लागतात, हे तिला आधीच सांगून टाका. वर्षभरानंतरही ओढ टिकली तर १३० किंवा १५० मिलिमीटरची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, घ्या. तिला तिपाईच नसते, जमिनीवरच्या ठोकळ्यात ती फिरते.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत. दिवसा ही वस्तू तिच्या एकटीच्या हाती नको. द्विनेत्री सूर्याकडे वळली तर डोळ्याचा पडदा भाजतो, आणि पडद्याला वेदना कळत नाहीत. इजा झाल्याचं नंतर लक्षात येतं.

प्रश्न : माझं वय ६४. द्विनेत्रीतून एका डोळ्याला स्पष्ट दिसतं, दुसऱ्याला भुरकट. शिवाय ७x५० जास्त उजळ असते म्हणतात, ती घ्यायला हवी होती का?

द्विनेत्री बिघडलेली नसावी. उजव्या नेत्रिकेभोवती एक फिरणारी कडी असते, ती बहुतेकांनी कधी फिरवलेलीच नसते. उजवं भिंग झाका, डाव्या डोळ्याने लांबच्या एखाद्या पाटीवरची अक्षरं बघत मधलं चाक फिरवा. अक्षरं ठसठशीत झाली की चाक तसंच ठेवा. आता डावं भिंग झाका आणि तीच अक्षरं उजव्या डोळ्याला स्पष्ट होईपर्यंत फक्त ती कडी फिरवा. कडीवर जिथे खूण येईल ती लक्षात ठेवा, यापुढे मधलं चाक पुरेल.

७x५० बद्दल : ५० ला ७ ने भागा, सुमारे ७ मिलिमीटर येतात. इतक्या जाडीचा प्रकाशझोत नेत्रिकेतून बाहेर पडतो. तरुण बाहुली अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीनंतर बहुधा ५ च्या आसपासच. उरलेला प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. १०x५० चा झोत नेमका ५ मिलिमीटरचा. तुमच्याकडे १०x५० असेल तर तीच ठेवा.

प्रश्न : मुद्दाम अंधाऱ्या जागी गेलो, तरी थोडेच तारे दिसले.

मोबाइल किती वेळा बघितलात? डोळ्याला अंधार अंगवळणी पडायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाची एक झलक ती कमाई घालवते. नकाशा बघायला मंद लाल टॉर्च वापरा. अंधारात काम करणाऱ्या पेशींना लाल रंग जवळजवळ जाणवत नाही. आणि पुसट गोष्टीकडे रोखून बघू नका, किंचित बाजूला बघा. त्या पेशी नजरेच्या ऐन मध्यावर नसतात, भोवती असतात. २५ लाख प्रकाशवर्षं दूर असलेली देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका मला अशीच, तिच्याकडे न बघता दिसली.

प्रश्न : १८-५५ मिलिमीटरच्या झूम लेन्सने ताऱ्यांचे फोटो काढले. तारे कधी रेघा होतात, कधी गोळे.

दोन वेगळे आजार आहेत. रेघा पृथ्वीच्या फिरण्याने येतात. जुना नियम आहे, ५०० ला फोकल लांबीने भागा, तितके सेकंद. पण तुमचा सेन्सर लहान, त्यामुळे १८ चे आधी दीडपट करून २७ धरा. उत्तर १८ सेकंद येतं. आजच्या कॅमेऱ्यांना हे सैल पडतं, मी ५०० च्या जागी ३०० धरतो, म्हणजे ११ सेकंद. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं, एफ ३.५ (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं). आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ३२००. शटरचं बटण दोन सेकंदांच्या टायमरवर, म्हणजे बोटाने कॅमेरा हलणार नाही.

गोळे फोकसमुळे. अंधारात ऑटोफोकस नुसता चाचपडतो, तो बंद करा. व्याधासारखा ठळक तारा कॅमेऱ्याच्या पडद्यावर घ्या, पडदा १० पट मोठा करा आणि रिंग हळूहळू फिरवा. तारा लहान होत होत पुन्हा मोठा व्हायला लागेल, तिथून केसभर मागे या. मग रिंगवर चिकटपट्टी लावा. झूमलाही लावा! एकदा मी फोकस जमवल्यावर झूम हलवला आणि बहुतेक सगळी रात्र भुरकट फोटो काढत बसलो.

प्रश्न : चंद्र नुसता पांढरा डाग येतो.

कॅमेरा काळं आकाश बघून उजेड वाढवतो. चंद्रावर ऊन पडलेलं आहे, तेव्हा उन्हातल्या वस्तूसारखाच त्याचा फोटो काढा : एफ ११, आयएसओ १००, शटर १/१०० सेकंद. आणि पौर्णिमा टाळा, तेव्हा सावल्याच नसतात. शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं उठून दिसतात.

प्रश्न : गोल्फ नुकताच सुरू केला. चेंडू उचललाच जात नाही, घरंगळतो. पूर्ण सेट घेतल्यावर सुधारेल का?

नाही. बॅगेत १४ क्लब ठेवता येतात ही नियमाची कमाल मर्यादा आहे, सक्ती नव्हे. ७ नंबरचा एक आयर्न (मधल्या अंतराचा क्लब), एक वेज (जवळच्या उंच फटक्यांसाठी), एक हायब्रिड (लांबच्या फटक्यांसाठी) आणि पटर (चेंडू भोकाकडे ढकलायला) इतक्यावर बरेच दिवस निघतात.

चेंडू घरंगळतो कारण तुम्ही तो खालून उचलू बघता. त्यात वजन मागच्या पायावर राहतं आणि क्लबची कड चेंडूच्या पोटावर किंवा डोक्यावर बसते. क्लबचा चेहरा मुळातच तिरका आहे, ७ नंबरच्या आयर्नचा ३० अंशांच्या आसपास. वर नेण्याचं काम तो करतो. तुम्ही वजन पुढच्या पायावर आणत खाली मारा, म्हणजे आधी चेंडू आणि मग गवत. गवताचा टवका चेंडूच्या पुढे निघाला तर फटका बरोबर, मागे निघाला तर अजून उचलताय.

शिवाय पार ७२ च्या मैदानात, म्हणजे जिथे अठरा होल ७२ फटक्यांत संपवणं अपेक्षित असतं, प्रत्येक होलला पटरचे दोन फटके धरलेले असतात. अठरा दुणे छत्तीस, म्हणजे निम्मे फटके. ड्रायव्हरवर (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबवर) तास घालवणाऱ्यांना हे सांगितलं की ते नाराज होतात.

प्रश्न : थंडीत फोटो काढून घरात आलो की कॅमेऱ्यावर पाणी जमतं.

आत येण्याआधी बाहेरच तो प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करा. मग दव पिशवीवर जमेल. तास-दोन तास उघडू नका. कार्ड तेवढं बाहेरच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडाल.