करिअर मार्गदर्शन : मला साक्षीला बोलावू नका

पत्र (संक्षिप्त) : "माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पहिली दोन वर्षं गुण उत्तम होते, आता प्रोग्रामिंगच्या विषयांत घसरली आहे. सुट्टीच्या दिवशी ती दिव्यांग मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत जाते आणि तिथले संगणक फुकटच्या सॉफ्टवेअरवर आणते. आता म्हणते, अशा संस्थांना हेच करून द्यायचं, हेच माझं करिअर. कॅम्पसला बसायला तयार नाही. घरात रोज वाद होतात. सध्या मी तिचं तिथं जाणं बंद केलं आहे. तिनं संस्थेसाठी लिहिलेला आराखडा सोबत जोडतो, म्हणजे वेड कुठवर गेलंय ते कळेल. समाजसेवा नोकरी सांभाळूनही करता येते, हे तिला पटेल असं उत्तर द्यावं. मी पत्र लिहिल्याचं तिला माहीत नाही." – एक वडील

सप्रेम नमस्कार.

गुणांचं नंतर बघू. मला खटकलं ते दुसरंच. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीचं बाहेर जाणं तुम्ही 'बंद केलं' आहे. तिनं लिहिलेले कागद तिला न विचारता माझ्याकडे धाडलेत. वर उत्तर काय यायला हवं, तेही सांगून ठेवलंत. याला सल्ला मागणं म्हणत नाहीत. घरातल्या भांडणात तुम्हाला तुमच्या बाजूनं बोलणारा एक साक्षीदार हवाय. ते काम माझ्याकडून होणार नाही. तेव्हा पहिली विनंती ही की, पत्र लिहिल्याचं तिला आजच सांगा आणि हे उत्तर तिच्या हातात द्या. यातलं बरंचसं तिच्यासाठी आहे, आणि सगळंच काही तिच्या बाजूचं नाही.

तुमची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. शिक्षणाला पैसा लागलाय, मुलीनं स्वतःच्या पायावर उभं राहावं असं वाटणं रास्तच. पण दीड पानी पत्रात तिच्या कामाबद्दल काय आहे? 'फुकटच्या' हा एक शब्द. आणि तो आराखडा, जो तुम्ही वेडाचा पुरावा म्हणून जोडलात, तो तुम्ही तरी शेवटपर्यंत वाचला का, अशी मला शंका आहे. मी वाचला.

तिसऱ्या पानावर एक तक्ता आहे. कुठल्या संगणकापुढे कोण बसतं, दिवसभर काय उघडतं, बदल केला तर कुठे अडेल, हे तिनं एकेका माणसाशी बोलून लिहिलंय. हिशेबनिसांच्या नावापुढे म्हटलंय (लिब्रेऑफिस म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिसला फुकटचा पर्याय, मॅक्रो म्हणजे फाइलमध्ये बसवलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा) : "ताळेबंदाच्या एक्सेल फाइलमध्ये मॅक्रो आहेत. लिब्रेऑफिसमध्ये उघडून पाहिली, दोन बटणं चालत नाहीत. ऑडिट होईपर्यंत या मशीनला हात लावायचा नाही." घरभेटी देणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी तिनं कोबोटूलबॉक्स सुचवलंय, कारण ते फोनवर नेट नसतानाही फॉर्म भरून घेतं आणि रेंज आली की माहिती पाठवतं. देणगीदारांच्या यादीबद्दलची टीप तर मी दोनदा वाचली. एकच माणूस कुठे पूर्ण नावानं, कुठे आद्याक्षरांनी, कुठे नुसत्या आडनावानं आलाय. ही नावं एकत्र करायची, पण 'आधी कार्यालयातल्या ताईंना विचारून', कारण त्यातल्या एका जोडीत वडील आणि मुलगा असे खरोखरच दोन वेगळे देणगीदार निघाले.

साहेब, वेड लागलेली मुलं असं लिहीत नाहीत. शाळा-कॉलेजच्या कुठल्याच परीक्षेत ही नजर मोजली जात नाही. प्रोग्रामिंगचे गुण का घसरले ते तिला विचारा, कदाचित उत्तर साधं असेल. पण या कामासाठी मला त्या गुणांची फारशी चिंता नाही. संस्थांना मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता, बदलता, वाटता येतो अशा सॉफ्टवेअरवर, आणणाऱ्या माणसाचा दिवस कोड लिहिण्यात कमी आणि जुन्या फायली साफ करणं, तारखांचे घोळ निस्तरणं, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला मजकूर वाचता येईल असा करणं, आणि 'माझं बटण कुठे गेलं' याला चौथ्यांदा शांतपणे उत्तर देणं, यात जास्त जातो.

आता तिच्याशी बोलते.

बाळ, तिसरं पान उत्तम, पण पहिलं पान वाचून मी कपाळाला हात लावला. 'एका महिन्यात संस्था पूर्णपणे मुक्त' असं तू मोठ्या अक्षरांत लिहिलंयस. ऑफिसची कामं लिब्रेऑफिसवर, फायली नेक्स्टक्लाउड या साठवणीच्या सॉफ्टवेअरवर, देणगीदारांच्या नोंदी सिव्हीसीआरएमवर आणि सगळ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स, तेही एकदम. संस्थेत कुणी हे मागितलं होतं का? आराखड्यात तशी एकही ओळ नाही. वडील तुझ्यावर जे करतायत, तेच तू त्या कार्यालयावर करते आहेस. समोरच्याचं भलं कशात आहे ते आपल्याला कळलंय आणि त्याला विचारत बसायला वेळ नाही, असं दोघांनाही वाटतं. त्या कार्यालयातल्या ताई तुला तोंडावर नाही म्हणणार नाहीत, कारण तू प्रेमानं येतेस. तू गेल्यावर हळूच जुनं पायरेटेड ऑफिस परत टाकून घेतील.

क्रम आणि माणसं सांभाळली नाहीत की मोठमोठ्यांची पंचाईत होते. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलानं 2005 मध्ये आधी ओपनऑफिस (लिब्रेऑफिसचं आधीचं रूप) आणलं, 2006 मध्ये फायरफॉक्स ब्राउझर आणि ईमेलसाठी थंडरबर्ड, आणि 2008 पासून ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून उबुंटू हे लिनक्स. म्हणजे लोकांना रोजची साधनं विंडोजवरच सवयीची झाली आणि खालची सिस्टिम नंतर बदलली. म्युनिक शहरानं 2003 मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, 2013 पर्यंत सुमारे 15,000 संगणक त्यावर आणले, आणि 2017 मध्ये तिथल्या नगर परिषदेनं पुन्हा विंडोजकडे वळायचा निर्णय घेतला. त्याच्या कारणांवर लोक अजून वाद घालतात, राजकारणही होतंच. पण कर्मचाऱ्यांची नाराजी हा त्या वादातला एक ठळक मुद्दा होता. लिब्रेऑफिस विंडोजवर मस्त चालतं. तिथून सुरू कर आणि लिनक्सचं नावही वर्षभर काढू नकोस.

दुसरं, 'लायसन्सचे पैसे वाचतील' हा तुझा पहिला मुद्दा लंगडा आहे. मोठ्या कंपन्या नोंदणीकृत संस्थांना बऱ्याचदा सवलतीत किंवा देणगी म्हणून सॉफ्टवेअर देतात. टेकसूपसारख्या संस्था नेमकं तेच मिळवून देण्याचं काम करतात. विश्वस्तांपैकी एकानं जरी हे दाखवलं तर तुझा आराखडा तिथंच आडवा होईल. खरा मुद्दा माहिती कुणाच्या ताब्यात राहते हा आहे. मुलांच्या अपंगत्वाच्या नोंदी कुणाच्या सर्व्हरवर आहेत, उद्या सवलत बंद झाली किंवा अटी बदलल्या तर वीस वर्षांच्या नोंदी कुठल्या स्वरूपात बाहेर काढता येतील, आणि एका पुरवठादाराशी पटलं नाही तर दुसऱ्याला तेच सॉफ्टवेअर सांभाळायला देता येईल का? मुक्त सॉफ्टवेअर इथं उजवं ठरतं. विश्वस्तांशी बोलायचं ते यावर.

आता परत वडिलांकडे, कारण एक गैरसमज त्यांच्या पत्रात ओळीओळीत आहे आणि तो फक्त त्यांचाच नाही. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, म्हणजे ते बसवून देणाऱ्यालाही कुणी पैसे देणार नाही, असा हा हिशेब. तो मुळातच चुकीचा आहे. ही चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमननं 1985 मध्ये ईमॅक्स या आपल्या प्रोग्रॅमची टेप 150 डॉलरला विकून गुजराण केली होती. जीपीएल या सर्वांत प्रसिद्ध परवान्यात प्रत देण्याचे पैसे घ्यायला मुभा आहे, वॉरंटी आणि मदतीचे घ्यायलाही. रेड हॅट ही कंपनी याच धंद्यावर इतकी वाढली की 2019 मध्ये आयबीएमनं ती 34 अब्ज डॉलरना घेतली. संस्थांच्या जगात एवढा पैसा अर्थातच नाही. पण जुनी माहिती नव्या जागी नेणं, लोकांना शिकवणं, वर्षभर फोन उचलणं याचे पैसे असतात आणि ते घ्यायलाच हवेत. सिव्हीसीआरएम 2005 पासून आहे. त्याच्या भोवती ते बसवून देणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या छोट्या कंपन्या जगभर उभ्या आहेत, आणि त्यांची बिलं संस्थाच भरतात. अडचण वेगळी आहे, ती मी लपवणार नाही. देणगीदार नव्या प्रकल्पाला आनंदानं पैसे देतात, पण देखभालीला देताना हात आखडता घेतात. त्यामुळे या क्षेत्रातलं उत्पन्न कमी-जास्त होतं आणि सुरुवातीची वर्षं ओढाताणीची जातात. ज्याला दर महिन्याला ठरावीक रक्कम हवीच आहे, त्यानं एकट्यानं यात उडी घेऊ नये.

एमटेक, एमबीए, परदेशातली पदव्युत्तर पदवी या वाटा तुम्हा दोघांना माहीत आहेत. त्यांतल्या एकीचाही आत्ता उपयोग दिसत नाही.

मग करायचं काय? माझं मत तुम्हाला अर्धं आवडेल आणि तिला अर्धं. तिनं नोकरी करावी. पण पत्रात तुम्ही ज्या कंपन्यांची नावं घेतलीत, त्यांच्यात कोडिंगच्या रांगेत उभं राहायला नको. सॉफ्टवेअर ग्राहकाकडे बसवून देणं, मदत करणं, प्रशिक्षण देणं अशा कामाची नोकरी शोधावी, ज्याला आपल्याकडे इम्प्लिमेंटेशन म्हणतात आणि इंजिनिअरिंगची मुलं नाक मुरडतात. चिडलेल्या ग्राहकाचा फोन कसा घ्यायचा, काम किती दिवसांचं आहे हे लेखी कसं सांगायचं, 'एवढं जरा करून द्या ना' याला नाही कसं म्हणायचं, हे कॉलेज शिकवत नाही आणि संस्थेतलं स्वयंसेवकपणही शिकवत नाही. तिथं तर कुणी रागावतच नाही. कॅम्पसला अशी एखादी कंपनी येत असेल तर तिनं हट्ट सोडून बसावं. सोबत गुगल समर ऑफ कोड किंवा आउटरीची बघावी. दोन्हींत मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांवर मानधन घेऊन काम करायला मिळतं. आउटरीचीत तर कोडशिवायचंही काम असतं, कागदपत्रं लिहिण्याचं, वापरणाऱ्यांचा अभ्यास करण्याचं. तिसरं पान लिहिणाऱ्या मुलीला ते जमेल. पुढे एखाद्या मोठ्या संस्थेत तंत्रज्ञान सांभाळायला जायचं की स्वतःचं दुकान मांडायचं, हे तेव्हा ठरवता येईल.

संस्थेत जाण्यावरची बंदी मात्र तुम्ही या आठवड्यातच उठवा. तिची हौस हे त्याचं कारण नाही. आराखड्याच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक गोष्ट आहे. संस्थेच्या वेबसाइटचं डोमेन मुलीच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदलेलं आहे, आणि नेक्स्टक्लाउड आधीच सुरू झालंय, त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड फक्त तिच्याकडे आहे. म्हणजे तुम्ही तिला घरी बसवलंत त्या दिवसापासून त्या संस्थेच्या फायलींना कुणी वाली नाही. स्वयंसेवक निघून गेला आणि किल्ल्या त्याच्याच खिशात राहिल्या, यात कित्येक संस्था फसल्या आहेत, आणि नंतर खापर मुक्त सॉफ्टवेअरवर फुटतं. तिला हेच करिअर करायचं असेल तर सोपवणं हा त्यातला सर्वांत कठीण भाग आहे, आणि तो तिनं अजून केलेलाच नाही.

म्हणून परीक्षेआधी तिला तिथं एवढं करू द्या. डोमेन संस्थेच्या नावावर जाईल. अ‍ॅडमिनचे हक्क कार्यालयातल्या दोघांकडे राहतील, त्यातल्या एक त्या ताई असाव्यात. आणि बॅकअप नुसता घेतलाय असं सांगून भागणार नाही. ताईंनी तो दुसऱ्या मशीनवर स्वतः परत उघडून दाखवावा. तेवढा वेळ मुलीनं शेजारी बसावं, माउसला हात न लावता.