आजी अचानक गोंधळल्या? आधी गोळ्यांची पिशवी बघा

प्रश्न : सासूबाईंना 3 वर्षांपासून डिमेन्शिया आहे. पण परवापासून भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणतात, रात्रभर जाग्या असतात. झोपेची गोळी देऊ का?

नका देऊ. डिमेन्शिया हळूहळू वाढतो, दोन दिवसांत एवढं बिघडलं तर ते डेलिरियम, म्हणजे आजारपणाने किंवा औषधांनी अचानक आलेला गोंधळ, समजायचं आणि आजच डॉक्टरांना दाखवायचं, कारण मागे बहुतेक वेळा लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, अगदी चार दिवस पोट साफ न होणं असं काहीतरी सापडतं. अल्प्राझोलाम, लोराझेपामसारख्या झोपेच्या गोळ्यांनी गोंधळ उलट वाढतो, आणि रात्री बाथरूमला उठताना पडून खुब्याचं हाड मोडलं की सगळंच अवघड होतं हो. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्यासुद्धा. क्लोरफेनिरामिन, एव्हिल, लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनिन, अमिट्रिप्टिलीन ही औषधं मेंदूतल्या ॲसिटिलकोलीनचं, म्हणजे स्मृतीसाठी लागणाऱ्या रसायनाचं, काम अडवतात आणि अल्झायमरमध्ये ते आधीच कमी झालेलं असतं. मनाने मात्र काही बंद करू नका. आणि चष्मा, कानाचं मशीन घातलंय ना बघा, त्याने खरंच फरक पडतो.

प्रश्न : बाबांना क्वेटियापिन सुरू केलंय. जिवाला धोका असतो असं वाचलं, बंद करू?

वाचलंत ते खरं आहे. 2005 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, या गटातल्या (अँटिसायकोटिक, म्हणजे भास आणि आक्रमकपणा आवरणाऱ्या) औषधांवर इशारा छापायला लावला, साधारण 10 आठवड्यांच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्या डिमेन्शियाच्या 100 वृद्धांमागे 4-5 दगावले, न घेणाऱ्यांत 2-3. म्हणून सारखं तेच विचारतात, घरात फिरत राहतात एवढ्यासाठी हे औषध नकोच. ते प्रचंड घाबरलेत, मारायला धावतायत, सलाईन उपटतायत, तर कमीत कमी डोस, थोडे दिवस. एकदम तोडू नका, पण डॉक्टरांना सरळ विचारा, कधी कमी करायचं? माझ्याकडे येतात त्यातल्या कितीतरी जणांची ही गोळी घरी आल्यावर महिनोन्‌महिने चालूच असते, कुणी थांबवायला सांगितलेलंच नसतं, याचं फार वाईट वाटतं. लुई बॉडी डिमेन्शिया असेल तर याच गटातल्या हॅलोपेरिडॉलने अंग लाकडासारखं कडक होऊ शकतं, ते आधीच सांगा.

प्रश्न : डोनेपेझिल 5 ची 10 केली तर आईचा गोंधळ जाईल?

अचानक आलेला गोंधळ त्याने जात नाही. ती स्मृतीसाठी आहे, फायदाही माफकच. नाडी मंद होते, चक्कर येते, जुलाब लागतात. रात्री भयंकर स्वप्नं पडत असतील तर डॉक्टरांना विचारून सकाळी द्या.