मॅनेजर गेल्यावर क्लबकडे काय उरतं?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की इंग्लंडमधले मोठे फुटबॉल क्लब मॅनेजरलाच प्लॅन समजतात आणि म्हणून तो गेला की सगळं परत पहिल्यापासून सुरू होतं. त्यावर खूप प्रश्न आले, काही चिडूनही आले, त्यातले पाच इथे घेतोय.

प्रश्न: फर्ग्युसनला पहिली ट्रॉफी मिळायला साडेतीन वर्षं लागली तरी मँचेस्टर युनायटेडने त्याला ठेवलं. नंतरच्या कुणाला तेवढा वेळ मिळालाच नाही, मोयेसला तर सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देऊन दहा महिन्यांत नारळ दिला. मग क्लबला धीर नाही हाच खरा प्रॉब्लेम आहे ना?

सगळ्यात जास्त लोकांनी हेच विचारलंय आणि बरीच वर्षं मलाही अगदी असंच वाटायचं. पण फर्ग्युसनची ती पहिली वर्षं नीट बघा. नोव्हेंबर १९८६ मध्ये तो आला, १९८९-९० मध्ये लीगमध्ये तेरावा नंबर, त्याच सीझनला मँचेस्टर सिटीकडून ५-१ मार, आणि मग जानेवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सचा तो गोल, ज्याने फर्ग्युसनची नोकरी वाचवली असं लोक आजही सांगतात (तेव्हाचे चेअरमन मार्टिन एडवर्ड्स मात्र कायम म्हणत आलेत की त्याला काढायचा विचारच नव्हता). पुढे मे महिन्यात एफए कप (इंग्लंडची नॉकआउट स्पर्धा) आला आणि लीग थेट १९९३ ला.

पण बोर्ड तेव्हा नुसतं डोळे मिटून थांबलं नव्हतं, त्यांना काहीतरी दिसत होतं. फर्ग्युसनने आल्या आल्या लहान मुलांच्या स्काउटिंगची, म्हणजे चांगली पोरं शोधून आणायची, घडी नव्याने बसवली होती, सिटीकडे प्रॅक्टिसला जाणाऱ्या रायन गिग्जला त्याच्या चौदाव्या वाढदिवशी घरी जाऊन गाठलं, आणि १९९२ ला जी टीम एफए यूथ कप जिंकली त्यात गिग्ज, बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल होते. म्हणजे पहिल्या टीमचे रिझल्ट वाईट होते तेव्हाही खाली काम चालू होतं, आणि ते क्लबमध्ये वावरणाऱ्या कुणालाही कळत होतं.

आता २०१३ घ्या. फर्ग्युसन गेला, त्याच उन्हाळ्यात चीफ एक्झिक्युटिव्ह डेव्हिड गिलही गेला, मोयेसने एव्हर्टनचे आपले असिस्टंट आणले म्हणून फेलन, म्युलेन्स्टीन, स्टील हे जुने कोच पण गेले, स्कोल्स रिटायर झाला, फर्डिनांड, विडिच, एव्हरा तिशी ओलांडलेले. सव्वीस वर्षं क्लब कसा चालला हे ज्यांना माहीत होतं ते जवळजवळ सगळे एकाच वेळी बाहेर पडले आणि मागे लिहिलेलं, ठरलेलं असं काही नव्हतंच, कारण ते सगळं एकाच माणसाच्या डोक्यात होतं. मोयेसला सहाच्या सहा वर्षं दिली असती तरी त्याने नक्की काय पुढे न्यायचं होतं?

मला त्या सीझनचं खरंच वाईट वाटतं, कारण मोयेस वाईट कोच नव्हता आणि नाही.

आणि मग पुढच्या मॅनेजरांचं तर तुम्ही बघितलंच असेल. वॅन गालला बॉल आपल्याकडे ठेवणारे हवेत, मोरिन्योला उंच आणि ताकदवान हवेत, सोलस्कायरला पळणारे तरुण हवेत, टेन हागला त्याचे आयाक्सचे ओळखीचे हवेत, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये भर सीझनमध्ये आमोरिम आला तो तीन डिफेंडर आणि विंगबॅक (कडेने सतत वर-खाली पळणारे) घेऊन खेळणारा, जेव्हा हातातली टीम चार डिफेंडरच्या हिशोबाने जमवलेली. त्या सीझनला ४२ पॉइंट आणि पंधरावा नंबर. यात एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते, युनायटेडने फुटबॉल डायरेक्टर हे पदच पहिल्यांदा मार्च २०२१ मध्ये भरलं. म्हणजे फर्ग्युसननंतर जवळपास आठ वर्षं कोण कशासाठी विकत घ्यायचं हे त्या त्या वेळचा मॅनेजर आणि पैशाचा हिशोब बघणारी माणसं मिळून ठरवत होती.

प्रश्न: चेल्सीने मालक अब्रामोविचच्या काळात किती मॅनेजर काढले, तरी सगळं जिंकलं. मग हे प्लॅनिंग वगैरे उगाचच नाही का?

तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि मागच्या अंकात मी हे लिहायला हवं होतं. मार्च २०१२ मध्ये विलास-बोआसला काढलं आणि दोन-अडीच महिन्यांत त्याच्या जागी आलेला डी माटेओ चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकला, जानेवारी २०२१ मध्ये लॅम्पार्डला काढून टुखेलला आणलं आणि मे मध्ये परत चॅम्पियन्स लीग. शिवाय २००३ ते २०२२ मध्ये पाच लीग टायटल. कोच बदलून काहीच होत नाही असं म्हणणारा माणूस हे सगळं विसरतो.

पण कोच बदलत होते तेव्हा न बदलणारं काय होतं ते बघा. चेक २००४ ते २०१५, लॅम्पार्ड २००१ ते २०१४, टेरी तर लहानपणापासून २०१७ पर्यंत, ड्रोग्बा आठ वर्षं सलग आणि नंतर परत एक. नवा कोच आला की त्याला ड्रेसिंग रूममध्ये ही चार माणसं भेटायची ज्यांना जिंकायचं कसं हे आधीच माहीत होतं. मालकही तोच, त्याचे निर्णय घेणारे लोकही बरेचसे तेच.

२०२२ ला मालक बदलले, वरची सगळी माणसं गेली, सप्टेंबरमध्ये टुखेलला काढलं, मग पॉटर, मग एका मॅचपुरता ब्रुनो, मग परत लॅम्पार्ड, आणि बारावा नंबर. काढायची सवय तीच राहिली, आधार मात्र राहिला नाही.

यालाच जोडून कुणीतरी विचारलंय की आठ आठ वर्षांची कॉन्ट्रॅक्ट म्हणजे लाँग टर्म विचारच ना. नाही हो. एन्झो फर्नांडेझ १० कोटी ६८ लाख पौंडांना घेतला आणि साडेआठ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, मुद्रिकलाही साडेआठ. हिशोबात ट्रान्सफरची किंमत, म्हणजे प्लेयरसाठी दुसऱ्या क्लबला दिलेले पैसे, तेव्हा कॉन्ट्रॅक्टच्या सगळ्या वर्षांत वाटून टाकता यायची, १० कोटींचा प्लेयर पाच वर्षांवर घेतला तर वर्षाला २ कोटी दिसायचे आणि आठ वर्षांवर घेतला तर सव्वा कोटी, आणि लीगच्या तेव्हाच्या नियमात तीन वर्षांत १० कोटी ५० लाखांच्या वर तोटा दाखवता येत नव्हता म्हणून ही वाटणी फार उपयोगी पडायची. पुढे २०२३ मध्ये युएफाने (युरोपियन फुटबॉलची संघटना) आणि मग प्रीमियर लीगनेही ही वाटणी पाच वर्षांपर्यंतच धरायची असा नियम केला. पेपरवर आठ वर्षं असली म्हणून त्या पोराला तिसऱ्या वर्षी कुठल्या पोझिशनला खेळवायचं हे कुणी ठरवलेलं असतंच असं नाही.

प्रश्न: मी अकरावीत आहे. मला हेड कोच आणि मॅनेजर यातला फरक समजत नाही, आणि स्पोर्टिंग डायरेक्टर नक्की करतो काय?

बरं झालं विचारलंस. जुन्या इंग्लिश पद्धतीत मॅनेजर म्हणजे सबकुछ, ट्रेनिंग त्याचं, प्लेयर कुठला घ्यायचा तो ठरवणार, स्काउट त्याचे, कधीकधी पगाराची बोलणीही त्याचीच. हेड कोच म्हणजे टीमला शिकवायचं आणि मॅच जिंकायची, एवढ्याला जबाबदार. बाकीचं, म्हणजे पुढच्या तीन वर्षांत कोण म्हातारं होणार, कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, त्याच्या जागी कोण, आणि हा कोच गेला तर पुढचा कोण, हे स्पोर्टिंग डायरेक्टर बघतो. अर्थात नावावर जाऊ नकोस, आर्टेटा आर्सेनलमध्ये हेड कोच म्हणूनच आला होता आणि २०२० मध्ये त्याला मॅनेजर केलं, पण त्याच्याबरोबर वेगळा डायरेक्टरही होताच.

सगळ्यात चांगलं उदाहरण लिव्हरपूलचं आहे. २०१७ मध्ये मॅनेजर क्लॉपच्या मनात युलियान ब्रांट होता पण स्पोर्टिंग डायरेक्टर मायकेल एडवर्ड्स आणि त्याच्या डेटावाल्या लोकांनी सालाहचा आग्रह धरला, आणि क्लॉपचं मोठेपण हे की त्याने ऐकलं. पहिल्याच सीझनला सालाहने लीगमध्ये ३२ गोल केले. मग जानेवारी २०१८ मध्ये कुटिन्यो बार्सिलोनाला विकला, त्याच महिन्यात साडेसात कोटींना डिफेंडर वॅन डाइक आला, उन्हाळ्यात गोलकीपर ॲलिसन. नीट बघ, एक स्टार गेला आणि बाकीच्या टीममधली दोन सगळ्यात मोठी भोकं बुजली.

आणि क्लॉपने जानेवारी २०२४ मध्ये सीझनच्या मध्येच जाहीर केलं की मी जाणार, तेव्हा क्लबला काही महिने मिळाले. एडवर्ड्स परत आला, रिचर्ड ह्यूज आला, त्यांनी नेदरलँड्सच्या फेयेनूर्डमधून कोच आर्ने स्लॉट शोधला ज्याचं फुटबॉल क्लॉपच्या टीमला फार परकं नव्हतं, आणि नवीन घेतलेल्यांपैकी त्या सीझनला खेळला फक्त एकटा किएझा, तोही थोडाच. तरी चार मॅच बाकी असताना लीग जिंकली.

पण तुला एक जुनी गोष्ट सांगायचीच आहे मला, कारण हे सगळं लिव्हरपूलने कॉम्प्युटर नसताना करून दाखवलं होतं. शँकली १९५९ मध्ये मॅनेजर म्हणून आला तेव्हा क्लब सेकंड डिव्हिजनमध्ये होता. ॲनफील्डमध्ये बूट ठेवायची एक छोटीशी खोली होती, तिथे शँकलीचे कोच बसायचे, पेस्ली, फेगन, मोरन, चहा प्यायचे, मॅचवर बोलायचे आणि रोजच्या ट्रेनिंगच्या नोंदी वहीत लिहून ठेवायचे. मागच्या वर्षी याच महिन्यात टीम थकली होती तेव्हा आपण काय केलं होतं, कुणाला कुठली दुखापत कशाने झाली, सगळं त्या वह्यांत. १९७४ ला शँकलीने अचानक सोडलं, सगळे हादरले, आणि क्लबने काय केलं तर त्याच खोलीतल्या पेस्लीला पुढे केलं, जो स्वतः फारसा तयार नव्हता. त्याने नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप (चॅम्पियन्स लीगचं जुनं नाव) जिंकले. मग त्याच खोलीतला फेगन, पहिल्याच सीझनला लीग, लीग कप आणि युरोपियन कप. मग टीममधलाच डल्ग्लिश. १९७३ ते १९९० मध्ये चार मॅनेजर आणि अकरा लीग टायटल. मला तरी इंग्लिश फुटबॉलमध्ये याच्याहून मोठं लाँग टर्म प्लॅनिंग दुसरं दिसलेलं नाही.

प्रश्न: आर्टेटाला अजून किती वेळ द्यायचा? २०२० च्या एफए कपनंतर २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत एकही मोठी ट्रॉफी नाही.

आर्सेनलवाल्यांचा जीव किती टांगणीला लागलेला असतो हे मला कळतं, तीन सीझन सलग दुसरा नंबर हे पचवणं सोपं नाही. पण धीर धरावा की नाही हे ठरवायला मी एकच बघतो, वर्षागणिक काही साठतंय का. २०२०-२१ मध्ये ६१ पॉइंट, मग ६९, ८४, ८९, आणि २०२४-२५ मध्ये परत ७४. पहिली चार वर्षं चढती आहेत आणि त्यात ओझिल, ओबामेयांग असे मोठ्या पगाराचे लोक सोडून द्यायची हिंमत क्लबने दाखवली, साका ॲकॅडमीतला, ओडेगार्ड लहान वयात घेतलेला. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्या तीन मॅच हरले, एकही गोल नाही आणि नऊ खाल्ले, तेव्हा काढला असता तर कुणी काही बोललं नसतं. तेव्हा थांबले ते बरोबरच होतं. शेवटचा ७४ चा आकडा मात्र मला काळजीचा वाटतो, दुखापती होत्या हे धरूनसुद्धा. माझं मत विचाराल तर अजून ठेवा, पण ट्रॉफीशिवाय आणखी दोन उन्हाळे गेले तर मी हे म्हणणार नाही.

आणि आर्सेनलच्या जुन्या मॅनेजरची, व्हेंगरची, शेवटची वर्षं विसरू नका. बावीस वर्षं एक माणूस, त्याच्या मागे बोर्डात फुटबॉल कळणारा डेव्हिड डीन २००७ मध्येच गेलेला, आणि २०१८ ला व्हेंगर गेल्यावर वर्षभराच्या आत चीफ एक्झिक्युटिव्ह गाझिडिस गेला, रिक्रूटमेंटवाला मिस्लिनटाट गेला, आणि नवा कोच एमेरी नोव्हेंबर २०१९ मध्ये गेला. तिथेही युनायटेडसारखंच झालं.

प्रश्न: उद्या तुम्हाला क्लब चालवायला दिला तर पहिलं काम काय कराल? आणि पैसा नसेल तर?

पैशाचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे, ब्रायटनकडे बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये चेल्सी त्यांचा कोच पॉटर घेऊन गेली, एकटा नाही, असिस्टंट, गोलकीपर कोच सगळे घेऊन गेली. ब्रायटनने दहा दिवसांत डी झेर्बीला आणलं, ऑक्टोबरमध्ये त्याच पॉटरच्या चेल्सीला ४-१ ने हरवलं, आणि सीझनच्या शेवटी ब्रायटन सहावे, इतिहासात पहिल्यांदा युरोपात. माणसं गेली, पण प्लेयर शोधायची पद्धत क्लबची होती आणि पुढच्या कोचवर आधीपासून नजर होती.

मी पहिलं काम तेच करेन, कोचच्या आधी डायरेक्टर नेमेन आणि आल्या दिवशी त्याला सांगेन की पुढच्या कोचची तीन नावं लिहून दे, हल्लीचा कितीही आवडता असला तरी. मँचेस्टर सिटीने २०१२ मध्ये बार्सिलोनातून सोरियानो आणि बेगिरिस्ताइन आणले, म्हणजे तिथला जुना कोच ग्वार्डिओला, त्याला ओळखणारी माणसं आधी आली आणि तो स्वतः २०१६ मध्ये आला. मधली चार वर्षं ते रिकामे बसले नव्हते, तेव्हाचा मॅनेजर पेलेग्रिनीबरोबर २०१४ ची लीग जिंकली, मैदानाशेजारी नवीन ॲकॅडमी उभी केली, डी ब्रुइनला २०१५ मध्येच घेऊन ठेवला. तरीसुद्धा ग्वार्डिओलाच्या पहिल्या सीझनला एकही ट्रॉफी आली नाही, फुलबॅक (कडेचे डिफेंडर) सगळे तिशीच्या पुढचे होते म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात फुलबॅक बदलले आणि त्या सीझनला १०० पॉइंट झाले.