घरगुती इलेक्ट्रिक गाडीत एकच सेल सारखा उतरतो. बीएमएस बोर्ड (बॅटरीच्या सेलवर नजर ठेवणारं सर्किट) बदलावा की दुरुस्त होतो?

भाऊ, चाळीसगावात बनवलेल्या तुमच्या गाडीच्या १६ सेलच्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅकमध्ये सातवाच सेल दर आठवड्याला खाली जातो म्हणता. असा बोर्ड बहुतेक वेळा दुरुस्त होतो. पण दोष सेलचा, वायरचा की बोर्डाचा, हे आधी ठरवा.

चार्जर-कंट्रोलर बंद करून मेन फ्यूज काढा. हातात कडं-अंगठी नको. सातव्या सेलच्या टोकांवर आणि बोर्डाच्या कनेक्टरच्या बी६-बी७ पिनांवर (सातव्या सेलच्या दोन वायरी) व्होल्टेज मोजा. फरक आला तर लग (वायरच्या टोकाची कडी) सैल आहे किंवा क्रिंप (दाबून बसवलेला जोड) खराब. सारखंच आलं तर तो सेल ३.६५ व्होल्टच्या चार्जरने भरून इतरांच्या बरोबरीला आणा आणि कनेक्टर काढून पॅक आठवडाभर ठेवा. सेलची इतरांशी तुलना फुल चार्जलाच करा, कारण मधल्या चार्जवर एलएफपीचं व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही. तरीही तोच उतरला तर सेल गेला. टिकला तर बोर्ड त्याचा चार्ज पितोय.

बोर्डावर लगतच्या पिनांच्या जोड्या ओहममध्ये मोजा. बाकी जोड्या सारख्या आणि बी६-बी७ वरच ६०-१०० ओहम दिसले, तर बॅलन्सिंगचा, म्हणजे सेल एका पातळीवर ठेवणारा, छोटा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट आहे. समजा ६२ ओहम दिसले, तर त्यातून ५३ मिलिअँप सतत जातो, म्हणजे दिवसाला सव्वा अँपिअर-तास! आठवड्यात १०० अँपिअर-तासाच्या सेलचा नऊ टक्के चार्ज संपतो.

शेजारच्या सेलच्या मॉसफेटवरचा मार्किंग कोड वाचून तोच मॉसफेट घ्या. एन चॅनेल आणि पी चॅनेल या मॉसफेटच्या दोन प्रकारांची अदलाबदल चालत नाही. कोटिंग खरवडा, फ्लक्स लावा, हॉट एअर ३५० अंशांच्या आसपास ठेवा. रेझिस्टर काळा पडला असेल तर तोही बदला. शेवटी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) नीट धुवा. राहिलेल्या फ्लक्सवर आपल्याकडची धूळ आणि कपाशीचा तंतू बसला की पावसाळ्यात तिथूनच गळती सुरू होते. वरून ॲक्रिलिक कोटिंग द्या.

पॅकला लावण्याआधी सेलच्या जागी १०० ओहमचे १६ रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा, त्यांचे जोड क्रमाने कनेक्टरच्या पिनांना लावा आणि ५१.२ व्होल्ट द्या, करंट लिमिट १०० मिलिअँप. सप्लायचं मायनस बोर्डाच्या बी-मायनसला (पॅकचं मायनस जोडायची जागा). प्रत्येक रेझिस्टरवर ३.२ व्होल्ट हवेत. शॉर्ट राहिला असेल तर सातव्यावर सव्वा व्होल्टच दिसेल.

गाडीचा सगळा करंट वाहणारा मेन मॉसफेट फुटून तांब्याचा ट्रॅक जळला असेल तर मात्र नवा बोर्डच घ्या. गाडीत माणसं बसतात.

जोडताना आधी बी-मायनस, मग कनेक्टर, काढताना उलट. जोडल्यावर आउटपुट शून्य दिसलं तर घाबरू नका, काही बोर्ड चार्जर लावल्यावरच जागे होतात. आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात उभी गाडी चार्ज घेत नसेल तर आधी पॅक गार होऊ द्या. बऱ्याच बोर्डांवर चार्जिंगला तापमानाची मर्यादा असते.